मनाची हालचाल नोंदवही

डहाणूच्या राऊतकाकांचं मन रोज सकाळी दहा वाजता कामावर रुजू होतं आणि दहा वाजून चार मिनिटांनी पहिल्यांदा बाहेर पडतं. हे ऐकीव नाही. माझ्याकडे लेखी पुरावा आहे आणि त्यावर एका सरकारी कचेरीचा गोल शिक्का आहे. तो कसा बसला ते पुढे येईलच.

ज्यांनी कचेऱ्यांच्या बाकांवर माझ्याइतके दिवस काढले नसतील त्यांच्यासाठी सांगते. सरकारी कचेरीत हालचाल नोंदवही नावाची एक वही असते. कामाच्या वेळेत जो कर्मचारी बाहेर जाईल त्याने कधी गेलो, कुठे, कशासाठी, कधी परतलो हे तिच्यात लिहून सही करायची असते. मी पाहिलेल्या बहुतेक वह्या कोऱ्या होत्या. कर्मचारीही जागेवर नव्हते, हा भाग वेगळा.

राऊतकाका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षं ही वही त्यांच्या टेबलावर होती. ते स्वतः कधी बाहेर गेले नाहीत, इतरांना मात्र सही केल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. निवृत्त झाल्यावर वही सुटेना. घरी कर्मचारी कोण, तर आपण एकटे, आणि आपण तर खुर्चीत. मग बाहेर कोण जातं? मन. तेव्हा मनाची वही उघडली.

नमुना पाहा. "१०.०४. शेजारच्या माडाची झावळी पडली. प्रयोजन: कुणाच्या डोक्यात पडली का पाहणे. परत १०.०६." खाली सही, र. रा. पुढची नोंद: "१०.३१. जुनी कचेरी. प्रयोजन: साहेबांनी चारचौघांत केलेला अपमान. परत १०.५०." हा अपमान खूप जुना. साहेब वारले, कचेरी दुसऱ्या इमारतीत गेली, पण मन आठवड्यातून तीनदा तिथे जाऊन बसायचं. शेवटी काकांनी मनाला कारणे दाखवा नोटीस काढली आणि मनाच्या वतीने खुलासाही स्वतःच लिहिला: "सदर अपमान विसरण्याबाबत लेखी आदेश प्राप्त झालेले नाहीत." मग आदेश काढला. "त्यानंतर?" मी विचारलं होतं. "आठवड्यातून एकदा जातं," ते म्हणाले, "पण आता परवानगी घेऊन."

त्यांचा आवडता शब्द प्रयोजन. दारात कुणीही आलं की चष्म्यावरून बघून तेवढंच विचारायचं. टोपली घेऊन येणारी मासेवाली त्यांना पुरून उरली होती. "प्रयोजन बोंबील, काका. घेतोस का जाऊ?"

माझं प्रयोजन झरा होतं.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. भात आणि नागली पिकवणारी माणसं. पिण्याचं पाणी डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याचं. मे महिन्यात बोअर आटते, झरा आटत नाही. हा झऱ्याचा तुकडा खडीच्या खाणीला द्यायच्या जमिनींच्या यादीत आला, शेरा असा: पडीक, वापर नाही. माझी आई रोज सकाळी तिथून दोन हंडे आणते. मला ते आईलाच पडीक म्हटल्यासारखं लागलं. हरकत नोंदवायला एक महिना होता. झरा गेला तर पाड्याला दुसरं पाणी नाही, एवढी साधी गोष्ट होती आणि ती मला लिहिता येत नव्हती.

लिहिता येत नव्हती म्हणजे मी खूप लिहिलं होतं. मी संघटनेत पत्रकं लिहून वाढलेली पोरगी. पाच पानं घेऊन गेले. संघटनेतल्यांनी सांगितलं होतं, डहाणू गावात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन चिकूची झाडं असलेलं घर विचार, तिथे राऊत म्हणून आहेत, पाड्यापाड्यातल्या माणसांचे अर्ज लिहून देतात, बदल्यात काही घेत नाहीत.

काकांनी पाचही पानं शांतपणे वाचली. मग पेन्सिल घेतली आणि मोजायला लागले.

"पहिल्या परिच्छेदात नऊ विशेषणं आहेत," ते म्हणाले. "निर्लज्ज दोनदा आलंय. झरा कुठाय?"

"येतो ना पुढे."

"पान तीनवर येतो. साहेब पान तीनवर पोचत नाही हो. त्याचंही मन दौऱ्यावर असतं."

"म्हणजे आम्ही चिडायचंही नाही?"

"चिडा. पण ही हरकत आहे की भांडण?" त्यांनी कागद परत दिले. "घरी बसून सात ओळी लिहून आणा. झरा कुठे, कोण पितं, किती वर्षं, उन्हाळ्यात असतो का. आणि पत्रकबाई, एक धिक्कार आणलात तर दारातून परत."

तेव्हापासून मी पत्रकबाई. त्यांची अजून एक रीत सांगायची राहिली. दहा ते पाच ते सगळ्यांना अहो-जाहो करतात, मला, मासेवालीला, अगदी मांजरालासुद्धा. चहाची वेळ झाली की तू. चहाचा कप खाली ठेवला की पुन्हा तुम्ही.

सात ओळी लिहायला मी घरी बसले. पहिली ओळ लिहिली आणि फोन वाजला. आमच्या आंदोलनाच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, हे विकासाच्या आड येणारे लोक. त्याला उत्तर दिलं. त्याचं उत्तर आलं. त्याच्या भावजीचंही आलं. दुपार झाली, ओळ एकच. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी सीटवर चालणारी इको गाडी पकडून डहाणूला गेले आणि म्हटलं, "काका, मला लक्ष लागत नाही. फोन फेकून देऊ का?"

"फोन कशाला फेकता? तो शिपाई आहे, निरोप देतो. जाणारं कोण, ते बघा." त्यांनी गठ्ठ्यातून एक कागद काढून सहा रकाने आखले. "मन कर्मचारी आहे, कैदी नाही. त्याला बांधून ठेवलं तर खिडकीतून पळेल. जाऊ द्या त्याला. फक्त जाताना नोंद करायची, आल्यावर वेळ टाकायची. बस्स."

"डायरी म्हणजे."

"डायरी लोक पुढे कुणीतरी वाचावी म्हणून लिहितात. ही शनिवारी बघायची, गोषवारा काढायचा आणि पाठकोऱ्यात टाकायची."

पाठकोरा म्हणजे एका बाजूने लिहिलेला आणि मागून कोरा कागद. जुन्या कारकुनाला तो नव्या कागदापेक्षा प्यारा. काकांच्या टेबलाखाली अशा कागदांचा हातभर गठ्ठा होता आणि त्यात दर शनिवारी त्यांचं आठवडाभराचं मन जाऊन पडायचं.

मग दोन आठवडे मी एक दिवसाआड त्यांच्या पडवीत बसून लिहिलं. पहिल्या दिवशीची माझी नोंद: "११.१५. फोन. प्रयोजन: एका मूर्खाला उत्तर देणे. परत १२.०५." काकांनी वाचून एवढंच विचारलं, "पन्नास मिनिटं? बैलगाडीने गेला होतात?" मला राग आला. ते म्हणाले, "रागाचीही वेळ टाका." टाकली. राग चार मिनिटांचा निघाला. मला वाटायचं माझा राग जन्माचा आहे.

गंमत अशी की लिहायला लागल्यावर जायचाच कंटाळा यायला लागला. फोनकडे हात गेला की आधी रकाने दिसायचे. वेळ टाका, स्थळ टाका, प्रयोजन टाका. प्रयोजनाच्या रकान्यात "उगाच" असं सहाव्यांदा लिहिताना लाज वाटली आणि हात मागे आला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सात ओळी झाल्या. त्यात एकही विशेषण नव्हतं. वाचून काका म्हणाले, "आता झरा दिसतो."

त्या पडवीत एकच गोष्ट अशी होती जी मला सहन व्हायची नाही. आतल्या खोलीत काकांच्या मोठ्या बहिणीची खाट होती. नलूबाय. एकेकाळी नर्स होत्या, पाड्यापाड्यात चालत जायच्या. आता त्यांना काही आठवत नव्हतं. दर थोड्या वेळाने आतून आवाज यायचा.

"रघ्या, छत्री घेतलीस का?"

"घेतली, बाय."

बाहेर टळटळीत ऊन. काका खुर्चीत. छत्री कोपऱ्यात, उघडली तर गंजलेल्या तारा निघाल्या असत्या. सात मिनिटांनी पुन्हा. "रघ्या, छत्री घेतलीस का?" "घेतली, बाय." आवाजात तसूभर फरक नाही, आणि उत्तर दिलं की मान खाली घालून नोंद. माझ्या मनात यायचं, हा माणूस आपल्या बहिणीलाही झावळीच्या आणि मांजराच्या रांगेत बसवतो. हे मी एकदा तोंडावर बोललेही. मी मनात ठेवणारी नाही. ते म्हणाले, "हो, बसवतो," आणि वेळ टाकली.

शेवटच्या दिवशी हरकतीला झऱ्याचा हातनकाशा जोडायचा होता. काकांनी टेबलाखालून एक पाठकोरा काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुरेख नकाशा काढला. डोंगर, झरा, पायवाट, आमची घरं. मी तो घेऊन झेरॉक्सच्या दुकानात धावले. दुकानदार बिचारा चांगला माणूस, निम्मं गुजराती निम्मं मराठी बोलणारा. त्याने विचारलं, "बेन, बेउ बाजू काढू?" नेमका तेव्हा तो भावजी पुन्हा फोनवर उगवला होता. मी मान वर न करता म्हटलं, "हो, हो, दोन्ही बाजू, तीन प्रती." ती हालचाल मी नोंदवली नाही. त्याची शिक्षा मला मिळाली.

हरकत आवक झाली, प्रत्येक पानावर गोल शिक्का बसला. महिन्याभराने सुनावणी लागली.

सुनावणीला मी, पाड्यातली पाचसहा माणसं, आई, आणि मागच्या बाकावर राऊतकाका. नलूबायजवळ त्यांनी मासेवालीला बसवलं होतं. समोर खाणवाल्यांचा माणूस, इस्त्रीच्या शर्टात. साहेब वयस्क, कंटाळलेले. त्यांनी सात ओळी वाचल्या, मान हलवली, पान उलटलं, नकाशा पाहिला. मग नकाशाचंही पान उलटलं आणि त्यांचा कंटाळा गेला.

"सहपत्र दोन, मागील बाजू," ते मधूनच मोठ्याने वाचायला लागले. "अकरा वाजून दोन, छत्री. परत अकरा तीन. अकरा नऊ, छत्री. परत अकरा दहा. अकरा सतरा, छत्री." ते थांबले. "छत्रीवाटपाची काही योजना आहे का तुमच्या पाड्यात?"

खाणवाल्यांचा माणूस हसला. नुसता हसला नाही, मागे वळून आमच्या माणसांकडे बघत हसला. माझ्या डोक्यात नऊच्या नऊ विशेषणं एकदम उभी राहिली. निर्लज्ज तर दोनदा. तोंड उघडणारच होते. त्या वेळी काय झालं ते खरं सांगते. हात आपोआप हातातल्या कागदाकडे गेला आणि मी लिहिलं: "२.२०. त्या माणसाचं हसणं. प्रयोजन: थोबाड." परतीची वेळ टाकायला घड्याळात पाहिलं, तर २.२१ झाले होते आणि मी जागेवरच होते.

साहेब वाचतच होते. "अकरा चाळीस. पत्रकबाई सकाळपासून उपाशी दिसतात. प्रयोजन: डबा आणला का विचारणे. परत अकरा एकेचाळीस. न विचारता." त्यांनी वर पाहिलं. "पत्रकबाई कोण?"

"मी," मी म्हटलं. आमची माणसंसुद्धा हसली. आई सोडून. आईने मागे वळून काकांकडे पाहिलं.

काका उठून उभे राहिले. "साहेब, चूक माझी आहे. पाठकोरा कागद होता. तो मजकूर वगळावा."

"तुम्ही कोण?"

"सेवानिवृत्त अव्वल कारकून."

"आणि ही छत्री?"

"माझी बहीण विचारते, साहेब. तिला आठवण राहत नाही."

साहेबांनी कागद हळूच उलटून नकाशाची बाजू वर केली. खाणवाल्यांच्या माणसाचं हसू अर्धंच राहिलं. "तुम्ही सांगा," साहेब मला म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी असतं झऱ्याला?"

मी सात ओळी सांगितल्या, तेवढ्याच. आठवी आईने सांगितली. ती उभी राहून म्हणाली, "साहेब, मे महिन्यात या आणि पिऊन बघा."

मे महिन्यात पाहणी झाली. पंचनामा करायला आलेल्यांनी झऱ्याचं पाणी प्यायलं, वर बाटल्याही भरून नेल्या. झऱ्याचा तुकडा यादीतून वगळला गेला. त्या छत्रीच्या पानामुळे वगळला असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. वापर होता म्हणून वगळला. शेजारचे तुकडे अजून यादीत आहेत, आम्हीही अजून आहोत. पण आज माझी आई त्याच झऱ्याचं पाणी भरते, आणि त्या दिवशी मी साहेबांसमोर तोंड उघडलं असतं तर ती भरत असती की नाही, मला सांगता येत नाही.

सुनावणीहून निघताना कचेरीच्या पायऱ्यांवर मी काकांची माफी मागितली. म्हटलं, तुमची खाजगी गोष्ट माझ्यामुळे चारचौघांत वाचली गेली. चहाची वेळ झाली होती, त्यामुळे ते तू म्हणाले.

"तुला एकदा राग आला होता ना, बहिणीला रांगेत बसवतो म्हणून? ऐक. आईवडील नव्हते आम्हाला. मला हिने वाढवलं. मी कचेरीला निघालो की दारात उभी राहून हे एकच विचारायची. बाकीचं सगळं पुसलं गेलं तिचं, हा प्रश्न तेवढा राहिला. सुरुवातीला मी देत होतो उत्तरं. मग एके दिवशी ओरडलो. घेतली म्हटलं ना, किती वेळा तेच. ती गप्प झाली. दोन दिवस एक शब्द नाही. तोंडाकडे बघत राहायची फक्त, मी कोण ते आठवत असल्यासारखी." त्यांनी चष्मा पुसला. "तिसऱ्या दिवशी वही आखली. उत्तर द्यायचं, वेळ टाकायची, परत यायचं. लिहिता लिहिता ओरडता येत नाही, करून बघ. झावळी न् मांजर मी नंतर टाकायला लागलो. एकाच नावाची वही बरी दिसेना."

मी जाऊन दोन कप चहा घेऊन आले.

पावसाळा संपता संपता नलूबाय गेल्या. मी दहाव्याला जाऊन आले, मग कामात अडकले. दिवाळीनंतर एका सकाळी आमच्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून काकांकडे गेले. अकरा वाजले होते. दारात पोचले तरी प्रयोजन विचारलं नाही. "ये, बस," म्हणाले. अकरा वाजता, कामाच्या वेळेत, तू.

टेबलावर एका पाड्यातल्या बाईचा अर्ज होता. "प्रति" लिहून सोडलेला. बाजूला नोंदवहीचा कागद, रकाने आखलेले, तारीख टाकलेली, आत काही नाही. खालचे दोन-तीन कागद पाहिले. तेही तसेच.

"मन जातच नाही का कुठे?" मी विचारलं.

"नाही. जागेवरच असतं. आणि काम होत नाही." त्यांनी कागदाची कड सरळ केली. "हा अर्ज मंगळवारपासून पडलाय. घर एवढं शांत आहे, पत्रकबाई, की बसून राहिलो तर बसूनच राहतो. कुणी बोलावलं तर उत्तर द्यावं लागतं, मग परत यावं लागतं. आता परत कुठून येऊ?"

मला शोक करता येत नाही आणि सांत्वन त्याहून येत नाही. चहा करते म्हटलं आणि आत गेले. खाटेवरून गादी काढली होती. कोपऱ्यात छत्री तशीच होती. चहा उकळत होता, बाहेर काहीच आवाज नव्हता, खुर्चीची करकर नाही, पेनाची खरखर नाही. मी ठरवून काही केलं नाही, तोंडातून निघून गेलं.

"काका, छत्री घेतलीत का?"

वाटलं, पत्रकबाई, हे तुम्ही काय केलंत. गॅस बंद करून मी तशीच उभी राहिले.

मग आवाज आला, नेहमीचा, तसूभर फरक नसलेला. "घेतली."

मी चहा गाळायला लावलेला वेळ नोंदवला असता तर काकांनी बैलगाडी काढली असती. कप घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांची मान खाली होती. कागदावर एक नोंद होती: "११.२५. छत्री. परत ११.२६. र. रा." अर्जावर "प्रति"च्या खाली तीन ओळी झाल्या होत्या आणि चौथी चालू होती.

"चहा तिथे ठेवा," ते वर न बघता म्हणाले. "आणि पत्रकबाई, दर सात मिनिटांनी नको. अर्ध्या तासाने चालेल."